पाकिटावरचे ते ३० टक्के तुमच्या मुलाचे नाहीत

आज मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही. दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून न्यू जर्सीला आलेल्या एक आजी नातवाच्या हातातला दुकानातून आणलेला तयार मीट-चीज-क्रॅकर्सचा डबा उलटा करून, चष्मा सारखा करत वाचत होत्या. सुनेला विचारलं, "अगं, ह्यात मीठ किती आहे?" सून म्हणाली, "आई, तेरा ग्रॅम प्रोटीन आहे त्यात." विषय संपला, पाच मिनिटांत डबाही संपला. नातू सहा वर्षांचा.

विचारलं होतं मिठाचं, उत्तर आलं प्रोटीनचं. म्हणून हे लिहितेय.

त्या डब्यावर सोडियम होतं ७०० मिलिग्रॅम आणि पुढे छापलेलं ३०%. हे तीस टक्के दिवसाच्या २३०० मिलिग्रॅमचे. चार वर्षांपुढच्या सगळ्यांना लेबल हाच एक आकडा लावतं, सहा वर्षांचा नातू असो की त्याचा बाबा. पण चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दिवसाची मर्यादा १५०० आहे. म्हणजे त्या मुलाचे ३० नाही, ४७ टक्के झाले. घरात तीन वर्षांचं धाकटं असेल तर त्याची मर्यादा १२००. त्याने हाच डबा खाल्ला तर ५८ टक्के. सोडियमला अडीचने गुणा, मीठ मिळेल: पावणेदोन ग्रॅम, मोजायच्या पाव टीस्पूनपेक्षा थोडं जास्तच. एवढं मीठ त्या आजींनी नातवाच्या वाटीभर वरणात कधीच घातलं नसतं.

आणि हा काही एखाद्याच डब्याचा दोष नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०२४ मध्ये दुकानात मिळणारे असे किट तपासले, तेव्हा एका सर्व्हिंगला ४६० ते ७४० मिलिग्रॅम सोडियम निघालं.

"मग कमी मिठाचे का बनवत नाहीत?" कारण तिथे मीठ नुसतं चवीला नसतं. स्लाइस म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा मांसाचे तुकडे घुसळून, साच्यात शिजवून केलेलं असतं. मीठ त्या मांसातलं प्रोटीन बाहेर ओढतं, तेच चिकट होऊन तुकडे धरून ठेवतं. मीठ कमी केलं की स्लाइस फुटते आणि पाकिटात पाणी सुटतं. ते पाणी धरायला सोडियम फॉस्फेट, टिकायला सोडियम लॅक्टेट, गुलाबी रंगाला सोडियम नायट्राइट. चीजमध्ये पुन्हा सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेट, नाहीतर वितळवताना तूप वेगळं होतं. वर क्रॅकर्सचं मीठ. सोडियम असं चार दारांनी आत येतं, म्हणून जिभेला तो डबा तितका खारट लागतही नाही.

चीजचं नावही नीट वाचा. अमेरिकेत "प्रोसेस चीज फूड" म्हणायला त्यात किमान ५१% चीज लागतं. "चीज प्रॉडक्ट" या शब्दाला असं कुठलंच प्रमाण बांधलेलं नाही.

आता ज्याचा मला खरोखर संताप येतो ते. "अनक्युअर्ड, नो नायट्राइट्स अ‍ॅडेड" असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि फुलीची खूण करून खाली बारीक अक्षरात "सेलरी पावडरमध्ये नैसर्गिकरीत्या असलेले वगळून". अहो, सेलरी या भाजीतल्या नायट्रेटचं जीवाणू वापरून नायट्राइटच करतात! रेणू तोच, काम तेच. लोक जास्त पैसे मोजून, मुलांसाठी चांगलं म्हणून हे घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात टाकलं: रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८% वाढतो. हो, ही मूळ धोक्यावरची वाढ आहे, शंभरातल्या अठरा जणांना होतो असं नाही. पण डेली मीटचं, म्हणजे सँडविचमधल्या तयार मांसाच्या स्लाइसचं, दोन औंसांचं एक सर्व्हिंगच ५६ ग्रॅमचं असतं.

आणि ते तेरा ग्रॅम प्रोटीन? खरं आहे, आहे त्यात. पण सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतं साधारण १९ ग्रॅम. एक कप दुधात आठ, एका अंड्यात सहा. चौदा झाले, दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅम सोडियममध्ये.

त्या सुनेवर माझा राग नाही, हे लिहिता लिहिता जाणवतंय. सकाळी पावणेसातला स्कूल बस, घरात दोन नोकऱ्या, आणि डब्यावर पुढे छापलेलं असतं प्रोटीनच, मीठ मागे. प्रवासात कधीतरी एखादा डबा दिला तर काही बिघडत नाही. आपली चकली आणि लोणचंही खारटच, तेही मान्य.

पण रोज द्यायचं असेल तर घरी करा. स्विस चीजचा तुकडा घ्या. एका औंसाला ५०-६० मिलिग्रॅम सोडियम. चेडरला १८०च्या आसपास, अमेरिकन प्रोसेस स्लाइसला तीनशे-चारशे. घरचं बिनमिठाचं पनीर तर उत्तमच. चिकन ब्रेस्ट रविवारी भाजा, रात्रभर फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कापा; गरम कापलं तर तंतू सुटतात, पातळ स्लाइस होत नाही. कच्चं चिकन घेताना "अप टू १५% सोल्युशन" असं लिहिलंय का पाहा. ते मिठाचं पाणी टोचलेलं असतं, सोडियम कित्येक पट वाढतं आणि पाण्याचे पैसे वेगळे. घरचं शिजवलेलं चिकन तीन-चार दिवसांत संपवा, कारण त्यात टिकवणारं काही नाही. डब्यात आइस पॅक हवाच. थंडाव्याशिवाय बाहेर जास्तीत जास्त दोन तास, उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर एकच तास.

पुढच्या रविवारी त्या आजींना मी सांगणार आहे: पावणेदोन ग्रॅम. तुमच्या फ्रीजमधल्या डब्याचा फोटो कमेंटमध्ये टाकलात तर वाचून हिशेब करून देते. मागच्या बाजूचा टाका, पुढचा नको.