‘घरबसल्या समुद्र पाहणाऱ्यांना’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

समुद्राखाली घडणाऱ्या व्हिडिओ गेम्सवर मी लिहिलेल्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया मी त्याच रात्री वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम चार दिवस थांबले, कारण रागाच्या भरात लिहिले असते तर माझे उत्तरही तुमच्या प्रतिक्रियेसारखेच झाले असते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या लेखात मी ‘सबनॉटिका’ला पहिला क्रमांक दिला आणि ‘आब्झू’, ‘बियाँड ब्लू’ आणि ‘एंडलेस ओशन ल्युमिनस’ यांना त्याच्या खाली ठेवले. त्यावर तुम्ही लिहिलेत, “ज्या गेममधला एकही मासा पृथ्वीवरच्या समुद्रात सापडत नाही, त्याला समुद्रावरचा सर्वोत्तम गेम ठरवणे ही समुद्राची थट्टा आहे. पण घरबसल्या समुद्र पाहणाऱ्यांना हे कसे कळणार?” यापुढे आणखी काही आक्षेप आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी तुमचे जे बरोबर आहे ते मान्य करते. माझ्या लेखात एका ठिकाणी ‘देवमासा आणि इतर मोठे मासे’ असे शब्द गेले होते. देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. आपल्या भाषेने त्याच्या नावातच मासा घालून ठेवला असला, तरी लिहिणाऱ्याने सावध राहायला हवे होते. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. हे तुम्ही दाखवून दिलेत म्हणून तुमचे आभार, आणि ते मनापासून आहेत.

आता ‘घरबसल्या’ या शब्दाविषयी. मतभेदाची मला सवय आहे. पहिल्या क्रमांकावर दुसरा गेम हवा होता असे म्हणणाऱ्या प्रतिक्रिया त्याच लेखाखाली आहेत आणि त्यांच्याशी माझा संवाद चांगला झाला. तुमच्या प्रतिक्रियेत मात्र एका वाक्यात मुद्दा आहे आणि दुसऱ्या वाक्यात लिहिणारीची लायकी काढलेली आहे, आणि हे दुसरे वाक्य लिहिताना माझ्याबद्दल तुम्हाला काहीही माहीत नव्हते. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याने समुद्र पाहिला आहे की नाही हे इतक्या खात्रीने ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

मी समुद्रात अकरा वेळा डायव्हिंग केले आहे. अकरा हा मोठा आकडा नाही आणि तो मोठा आहे असा माझा दावाही नाही. बारावी वेळ आली नाही, कारण माझ्या डाव्या कानाच्या पडद्याला इजा झाली आणि पुन्हा पाण्याखाली जायचे नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे आज मी समुद्र घरबसल्याच पाहते हे खरे आहे. तो माझ्या आवडीचा भाग नाही, एवढेच तुम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते तर विचारायचे होते.

त्या अकरा वेळांपैकी एक इथे सांगावीच लागेल, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. प्रशिक्षणात एक सराव असतो: साधारण सहा मीटर खोलीवर गुडघ्यांवर बसायचे, मास्क पूर्ण काढायचा, पुन्हा घालायचा आणि नाकातून हवा सोडून आतले पाणी बाहेर काढायचे. ऐकायला सोपे आहे. मी मास्क काढला, थंड पाणी डोळ्यांवर आणि नाकावर आले, आणि तोंडात हवेची नळी असूनही मी नाकाने श्वास ओढला. त्यानंतरचे काही क्षण मला फक्त तुकड्यातुकड्यांत आठवतात. माझे पाय आपोआप वर जायला निघाले होते आणि प्रशिक्षकाने माझ्या खांद्याचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. त्याचा दुसरा हात माझ्या तोंडासमोर हळूहळू पुढे सरकत होता, म्हणजे श्वास सोड, श्वास सोड. मी सोडला. बुडबुडे कानाजवळून वर गेल्याचा आवाज आला आणि मग डोके ताळ्यावर आले. त्या वेळी माझ्या आजूबाजूला मासे होते की नाही, असतील तर कोणत्या जातीचे होते, हे मी आजही सांगू शकत नाही. समुद्र म्हणजे काय हे मात्र मला त्याच क्षणी कळले.

आता ‘सबनॉटिका’कडे या. हा गेम जानेवारी 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि तो पाण्याने व्यापलेल्या एका परक्या ग्रहावर घडतो, त्यामुळे त्यातले सगळे जीव कल्पित आहेत, हे तुमचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात मीही लिहिले होते; तुम्ही ते शोधून काढलेले नाही. सुरुवातीला खेळाडूकडे फक्त 45 सेकंदांचा श्वास असतो आणि पहिली साधी टाकी मिळाल्यावर तो 75 सेकंदांवर जातो. या आकड्यांवर सगळा खेळ उभा आहे. एका बुडालेल्या अवशेषात मी दरवाजा कापून आत शिरले, दोन वळणे घेतली, भिंतीवरच्या एका वस्तूकडे पाहत राहिले आणि तीस सेकंद उरल्याची सूचना कानात आली. मागे वळले तर दोन सारख्याच वाटा दिसत होत्या. मी चुकीची धरली. वर फटीतून पाण्याचा पृष्ठभाग चकाकताना दिसत होता आणि मध्ये लोखंडी छत होते. त्या क्षणी कंट्रोलर धरलेल्या माझ्या हातांना घाम आला होता आणि खुर्चीत बसून मी स्वतःचाच श्वास रोखून धरला होता. सहा मीटरवर माझ्या शरीराने जे केले होते, तेच ते पुन्हा करत होते. खऱ्या माशांनी भरलेल्या दुसऱ्या कोणत्याही गेमने माझ्याकडून हे करवून घेतलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि मूळ लेखातही तेच होते, की समुद्रावरचा गेम तपासताना आधी त्यातले पाणी खरे आहे का ते पाहावे आणि मासे त्यानंतर मोजावेत. खऱ्या पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे पृष्ठभागावर असतो तेवढा, दाब वाढतो. तीस मीटरवर दाब चौपट होतो आणि टाकीतली हवाही पृष्ठभागाच्या तुलनेत चौपट वेगाने संपते. प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. माझ्या हातावरचा लाल पट्टा थोड्याच खोलीवर मातकट करडा दिसू लागला होता आणि टॉर्च टाकल्यावर पुन्हा लाल झाला होता. आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने येतो, म्हणून तो कोणत्या दिशेने आला हे माणसाच्या कानाला पाण्याखाली नीट उमगत नाही. ‘सबनॉटिका’त शंभर मीटरच्या खाली विशेष उपकरण नसेल तर ऑक्सिजन जास्त वेगाने संपतो. ‘सीमॉथ’ ही छोटी पाणबुडी सुधारणा न करता 200 मीटरच्या खाली नेली की तिला इजा होऊ लागते. ‘रीपर लेव्हायथन’ नावाचा जो महाकाय शिकारी त्यात आहे, त्याची गर्जना हाच त्याचा ‘सोनार’, म्हणजे परत येणाऱ्या आवाजावरून आजूबाजूचे ओळखण्याचे साधन असते, त्यामुळे तुम्हाला ती ऐकू येत असेल तर त्याला तुम्ही दिसत असता, असे त्या गेममधली नोंदच सांगते. प्राणी कल्पित आहे, पण आवाजाने पाहणे कल्पित नाही. दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन हेच करतात.

‘एंडलेस ओशन ल्युमिनस’ 2024 मध्ये आला, त्यात 500 हून अधिक प्रजाती आहेत आणि तीस खेळाडू एकत्र पोहू शकतात. तुम्ही हा प्रजातींचा आकडा माझ्यासमोर पुराव्यासारखा ठेवला आहे. तो गेम मी खेळले आहे. कळ दाबून धरायची, प्रकाशझोत माशावर न्यायचा, नाव नोंदले जाते, पुढच्या माशाकडे जायचे. नावे शिकायला तो चांगला आहे, पण त्या समुद्रात मला कधी भीती वाटली नाही आणि तिथून बाहेर पडल्यावर कधी मोकळा श्वासही घ्यावासा वाटला नाही. 2016 चा ‘आब्झू’ मला याहून कितीतरी प्रिय आहे. त्यात शार्कच्या आकाराच्या दगडी मूर्तीवर बसून एकेका माशाच्या मागे नजर नेता येते आणि त्याचे नाव खाली उमटते. मी त्या मूर्तींवर तासन्‌तास बसले आहे. पण तिथेही श्वास कधी संपत नाही, आणि म्हणून माझ्या लेखी तो समुद्राचे फार सुंदर चित्र आहे, समुद्र नव्हे.

तुम्ही ‘ईको द डॉल्फिन’चे उदाहरण देऊन लिहिलेत की 1992 मध्येसुद्धा लोकांना खरा प्राणी घेऊन गेम करता येत होता. हा गेम माझ्या लहानपणाचा आहे आणि तो तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने बोलतो. त्यातला डॉल्फिन खरा आहे, बरोबर. पण तो गेम आजही लोकांच्या लक्षात आहे तो उरलेली हवा दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्टीमुळे. ईकोला दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते, आणि गुहेच्या चक्रव्यूहात हवेचा कप्पा सापडला नाही तर तो मरतो. त्याने सोडलेला आवाज परत येतो आणि पडद्यावर नकाशा उमटतो. आणि त्याच्या कळपाला गिळणारे शत्रू कोण असतात, हे तुम्ही तो शेवटपर्यंत खेळला असाल तर तुम्हाला आठवत असेल: परग्रहावरचे जीव. ज्या कल्पित प्राण्यांसाठी तुम्ही ‘सबनॉटिका’ला थट्टा म्हणता, ते तुमच्याच आदर्श गेममध्ये आहेत. उदाहरण देण्याआधी ते तपासून घेण्याची तसदी तुम्ही घ्यायला हवी होती.

कल्पित प्राण्यांबद्दल आणखी एक सांगते, आणि ज्यांनी ‘सबनॉटिका’ खेळलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, कारण यात कथेचा उलगडा आहे. पीपर नावाचा एक लहानसा, मोठ्या डोळ्यांचा मासा त्यात पहिल्याच मिनिटाला दिसतो. खेळाडू त्याला पकडतो, शिजवतो, खातो आणि विसरून जातो. फार पुढे गेल्यावर कळते की सगळ्या समुद्रात पसरलेल्या रोगावरचा उतारा खोल तळाशी कोंडलेल्या एका प्राण्याकडे आहे, आणि तो थोडाथोडा करून वरच्या पाण्यात पोहोचवणारे हेच पीपर आहेत. ज्याला आपण जेवण समजत होतो त्याच्यावर सगळ्यांचे जगणे टिकून होते. ‘रीफबॅक’ या अजस्र प्राण्याच्या पाठीवर झाडे वाढतात, ‘सी ट्रेडर’ चालताना तळ उकरतो आणि त्यातून खनिजाचे खडक वर येतात. एक जीव दुसऱ्याच्या कसा उपयोगी पडतो, हे नाते या गेमने जसे दाखवले तसे पाचशे खऱ्या नावांच्या यादीने मला दाखवले नाही. 2020 च्या ‘इन अदर वॉटर्स’मध्ये तर पाण्यात पोहणारा जीव समोर चित्ररूपात दिसत नाही, मुख्यतः नकाशा, ठिपके आणि एका जीवशास्त्रज्ञ स्त्रीची वर्णने असतात, आणि तरी त्या पाण्यातले जीव मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. तुमच्या कसोटीला तो गेम समुद्रावरचा ठरणारच नाही. मग दोष कसोटीत आहे, असे मला वाटते.

उरलेले आक्षेप. ‘मॅनईटर’चा उल्लेख का नाही, तर तो शार्क होऊन माणसे खाण्याचा गेम आहे आणि माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. ‘डेव्ह द डायव्हर’ला दोनच ओळी का, तर त्याचे अर्धे लक्ष रात्रीच्या सुशी रेस्टॉरंटवर आहे आणि त्यावर वेगळे लिहिता येईल. खोलवरून थेट वर येताना रक्तातल्या नायट्रोजनचा त्रास (दाब झपाट्याने कमी झाल्यावर त्याचे बुडबुडे होतात, म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते) ‘सबनॉटिका’त होत नाही, हा मुद्दा तुम्ही ठळक अक्षरांत लिहिला आहे. होत नाही, हे मला माहीत आहे; प्रत्येक वेळी वर येताना थांबण्याची सक्ती असलेला गेम फार थोडे लोक खेळतील, आणि यावर अधिक काही लिहावे असे मला वाटत नाही. ‘बियाँड ब्लू’ हा मुलांना दाखवण्यासारखा गेम आहे हे तुमचे मत मलाही मान्य आहे. स्पर्म व्हेल या देवमाशांच्या कुटुंबाचा माग काढणारी त्यातली शास्त्रज्ञ मिराई मला आवडली होती आणि लेखात मी तसे लिहिले आहे. ते तुम्ही वाचले नसावे, किंवा वाचून बाजूला ठेवले असावे.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. देवमाशाचे वाक्य बदलले आहे, क्रमवारी बदललेली नाही. ‘सबनॉटिका’ तुम्ही खेळला आहात की त्याची चित्रफीत पाहिली आहे, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून मला कळले नाही. खेळला नसाल तर हेडफोन लावून, दिवा मालवून खेळा, आणि तीस सेकंदांची सूचना पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आजूबाजूला कोणते मासे होते ते मला इथेच लिहून कळवा. त्या उत्तराला मी शांतपणे उत्तर देईन. ‘घरबसल्या’ हा शब्द मात्र पुन्हा वापरू नका.