केशवराव परत उभं राहतंय, पण आत वर्षभर काय दाखवणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आख्खं कोल्हापूर हळहळलं, आणि दुसऱ्याच दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती होती हे आठवलं की अजून पोटात कालवतं. तेव्हापासून चर्चा सगळी बांधकामाची. छप्पर कसं असणार, खुर्च्या कसल्या, एसी, पार्किंग, जुना लूक राहणार का. हे सगळं पाहिजेच, शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलेलं थिएटर आहे, तिथं हलगर्जीपणा नकोच. पण आत वर्षभर काय बघायला मिळणार ह्यावर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे.

आपल्याकडची बहुतेक नाट्यगृहं महापालिका नाहीतर नगरपालिकेची. कारभार म्हणजे तारखांची वही. कोण तारीख मागेल त्याला भाड्यानं द्यायचं. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचं नाटक, त्यातही टीव्हीवरचा चेहरा असला तर बुकिंग, नाहीतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मधल्या वारी गॅदरिंग, सत्कार, कुणाचा तरी मेळावा. नोव्हेंबर-डिसेंबरला राज्य नाट्य स्पर्धा आली की आपली हौशी पोरं दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करून नाटक उभं करतात, जीव ओतून करतात, आणि बघायला कोण तर घरचे, मित्र आणि दुसऱ्या ग्रुपची मंडळी. स्पर्धा संपली की ते नाटक पण संपलं, एवढी मेहनत एका प्रयोगात जाते. नाट्यगृह स्वतः कधी म्हणत नाही की हे चांगलं होतं, ह्याचे आणखी चार प्रयोग आम्ही लावतो, या बघायला.

मला पाहिजे तो सीझन. म्हणजे तीन-चार महिन्यांचं कॅलेंडर आधीच छापून, व्हॉट्सॲपवर फिरवून मोकळं. जुहूच्या पृथ्वी थिएटरला १९७८ पासून लोक हेच करत आलेत, जागा छोटी, पण आज काय आहे हे न बघता सुद्धा माणसं जातात कारण त्या जागेवर भरवसा बसलाय. एनसीपीए ह्या मुंबईतल्याच कलाकेंद्रामध्ये एका आठवड्यात गाणं असतं, नाटक असतं, नाच असतो आणि लंडनच्या नॅशनल थिएटरचं रेकॉर्ड केलेलं नाटक मोठ्या पडद्यावर पण असतं. हे फक्त मुंबईलाच का?

आणि नाटकाच्या थिएटरात सिनेमा कशाला असं जे म्हणतात त्यांना मला मनापासून सांगावंसं वाटतं, की बाबांनो हे कोल्हापूर आहे! आपल्याकडं नाटक आणि सिनेमा एकाच घरातनं निघालेत. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, राजवाडा, जंगल, रस्ता सगळं कापडावर. त्याच बाबूरावांनी पुढं स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० ला 'सैरंध्री' केला. व्ही. शांताराम पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते, मग बाबूरावांच्या हाताखाली आले, आणि १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनीची सुरुवात झाली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे म्हणजे संगीत रंगभूमीतला आणि हार्मोनियममधला केवढा मोठा माणूस, सिनेमाचं संगीतही त्यांचंच, आणि तारामती दुर्गा खोटे. मग एका शुक्रवारी 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आणि शनिवारी त्याच स्टेजवर 'मानापमान' हे संगीत नाटक, असं जोडून लावलं तर कॉलेजच्या पोरांना कुठलंही लेक्चर न देता कळेल की एकातनं दुसरं कसं आलं. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' हा १९१९ चा मूकपट आजही बघायला मिळतो, तो पेटी-तबला लाइव्ह बसवून दाखवा. पेटी-तबलावाले बाहेरून आणायला लागणार नाहीत, देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेल्या गावात राहतोय आपण.

सिनेमाला लागतं काय? चांगला प्रोजेक्टर आणि बॅटनवर, म्हणजे स्टेजच्या वरच्या आडव्या दांडीवर, वर-खाली होणारा पडदा. नाटकाचा टेम्पो दुपारी लागतो, चौकटी उतरवणं, ठोकाठोक, मग लाइट लावणं, त्यात तीन-चार तास जातात म्हणून एकाच दिवशी दोन्ही नको. पण मंगळवार-बुधवार रिकामे असतात की. आता बांधकाम चालू असतानाच ही सोय करून घेतली तर ठीक, नंतर परत फोडाफोडी कोण करणार.

दुसरं म्हणजे दशावतार, कोकणातलं लोकनाट्य. घाट उतरला की सिंधुदुर्ग, आणि आपण आयुष्यात एकदा पण दशावतार न बघितलेले कितीतरी जण आहोत. मी बघितलाय, देवळाच्या मागं एका बल्बच्या उजेडात राक्षस करणारा माणूस आपल्या पेटाऱ्यापुढं मांडी घालून, हातात छोटा आरसा धरून स्वतःच तोंड रंगवत बसलेला, शेजाऱ्याशी भातकापणीवर गप्पा चाललेल्या, आणि तासाभरात तोच माणूस पखवाजावर असा आत घुसला की पुढं बसलेली बारकी पोरं मागं सरकली. संहिता लिहिलेली नाही, कथा ठरलेली आणि संवाद जागच्या जागी. हे केशवरावमध्ये आणा, पण दीड तासाचा नमुना नको, रात्रभर चालू द्या, चहाची सोय करा. तसंच शाहिरी, सोंगी भजन, आणि कन्नड नाटक सुद्धा. हेग्गोडूच्या नीनासम ह्या नाट्यसंस्थेची फिरती मंडळी कर्नाटकभर प्रयोग करतात, आपण बॉर्डरवर राहून एकमेकांचं नाटक बघत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

लहान पोरांसाठी तर वेगळं सांगायला नको. चिल्लर पार्टी ह्या बालचित्रपट चळवळवाल्यांनी शाहू स्मारकमध्ये पोरांना जगभरातले सिनेमे दाखवून दाखवलंय की लोक पोरांना घेऊन येतात. त्यांना महिन्यातला एक रविवार केशवरावमध्ये द्या, जोडीला बालनाट्य ठेवा.

पैशाचं म्हणाल तर महापालिकेनं महिन्यातले सहा-सात दिवस भाडं न घेता स्वतःच्या सीझनसाठी बाजूला ठेवावेत, निवड करायला नाटक, सिनेमा, गाणं कळणारी चार-पाच माणसं घ्यावीत आणि त्यांना दर वर्षाआड बदलावं, नाहीतर तेच ते होतं. तिकीट मधल्या वारी शंभरच्या आत. विद्यार्थ्यांना पन्नास. राज्य नाट्यमधल्या निवडक नाटकांना जानेवारीत प्रत्येकी दोन प्रयोग, तेही मानधन देऊन. सीझन पास काढा, मी माझा आणि आईचा पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून घेणार. तुमच्यापैकी कुणाचं नगरसेवकांशी, अधिकाऱ्यांशी बोलणं असेल तर हे आत्ताच त्यांच्या कानावर घाला, उद्घाटनाची तारीख ठरल्यावर सगळे फक्त फीत कुणी कापायची ह्यावरच बोलत बसतील.