खुलासा : मुंग्या येणं म्हणजे प्राणशक्ती जागी होणं नव्हे

‘प्राणायामात श्वास जितका जोरात आणि भरभर घ्याल तितका रक्तात ऑक्सिजन वाढतो, चक्कर आली, हातापायांना मुंग्या आल्या की प्राणशक्ती वाहू लागली समजा, थांबू नका,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यातलं ‘थांबू नका’ तर धोक्याचं.

निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनची पातळी साधारण ९५ ते १०० टक्के असतेच. तिथे वाढायला फारशी जागा नाही. भरभर श्वासाने शरीरातला कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने घटतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि गरगरतं. मुंग्याही कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळेच येतात. शरीरक्रियाशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे सापडेल.

परंपराही घाई करा म्हणत नाही. हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात (प्रकरणात) सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं स्पष्ट बजावलं आहे. किती नेमकं निरीक्षण!

गरगरलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरकस प्रकार करू नका. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.