‘कॅल्क्युलेटर अर्ध्या सेकंदात सांगतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. 4294967297 या संख्येवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुम्ही लिहिलंय, “4294967297 ला 641 ने भाग जातो हे कॅल्क्युलेटर अर्ध्या सेकंदात सांगतो. त्यावर एवढं लिहिणं म्हणजे आकड्यांची पोथी वाचणं. साल चुकलंय, आणि 641 आला कुठून याचा पत्ताच नाही.”

सालाचं आधी. ऑयलर या गणितज्ञाने 641 हा विभाजक 1732 मध्ये शोधला, माझ्याकडून 1742 पडलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

पण ‘पोथी’ हा शब्द लागला. पटलं नाही तर जरूर सांगा, माझी कधीच ना नसते. सांगायची काही रीत असते की नाही?

नववीत असताना हा भागाकार मी हाताने केला होता. 4294 मध्ये 641 सहा वेळा, बाकी 448. वरचे 9 खाली घेतले, 4489 झाले. सात वेळा, बाकी फक्त 2. पुढे 26, मग 267, दोन्हींत भाग बसत नाही, म्हणून लागोपाठ दोन शून्यं. त्यातलं एक मी खाल्लं आणि वही ‘नसते उद्योग’ असा शेरा घेऊन सगळ्या वर्गासमोर परत आली. संध्याकाळी पुन्हा मांडला. शेवटाला परत तीच 448 बाकी उरली, पण आता खाली आले 7. झाले 4487. बरोबर सात वेळा, बाकी शून्य! मघाशी दोनाने हुकलेला भाग इथे पुरा बसला. उत्तर 6700417. ज्याने हे पाहिलंय त्याला पोथी म्हणून हिणवू नका.

आणि तुमचा कॅल्क्युलेटर भाग जातो एवढंच सांगतो. का जातो ते सांगतो का? 640 म्हणजे 641 ला एक कमी, म्हणून 640 च्या चौथ्या घाताला 641 ने भागलं की बाकी 1 उरते. 640 म्हणजेच 5 गुणिले 2 चा सातवा घात. त्याचा चौथा घात घेतला की 625 गुणिले 2 चा 28 वा घात. आता 625 म्हणजे 641 उणे 16, तेव्हा 625 च्या जागी उणे 16 धरा. 16 हा 2 चा चौथा घात. म्हणजे 2 चा 32 वा घात घेऊन त्याला उणे चिन्ह लावलं, की तो 1 च्या बरोबरीने वागतो. त्या घातात 1 मिळवला की आपली संख्या, आणि बाकी शून्य. इतका मोठा भागाकार न करता! हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंच नसावं.

2 च्या 1, 2, 4, 8, 16 व्या घातात 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 येतात; या मूळ संख्या पाहून पुढची, म्हणजे 32 व्या घाताची आपली संख्याही मूळच असेल असं 1640 मध्ये फर्मा या गणितज्ञाला वाटलं होतं. तो समज मोडायला 92 वर्षं गेली. अर्ध्या सेकंदाचा हिशेब तिथे लावून बघा.

641 कुठून आला म्हणता? या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक 64 च्या पटीहून एकाने मोठा असावा लागतो. अशा मूळ संख्या क्रमाने घ्या: 193, 257, 449, 577, आणि पाचवी 641. याची सिद्धता इथे देत बसत नाही, लेखाचा मुद्दा तो नव्हता.