चाहत्यांचं काम मोठं आहे

लेखात ‘डॅड्स आर्मी’ या दुसऱ्या महायुद्धातल्या होमगार्डवरच्या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या चाहता मंडळाला ‘आठवणींत रमणारे’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. बीबीसीने टेपा पुसल्याने दुसऱ्या सीझनचे ३ भाग आजही गायब आहेत. चाहते नसते तर त्यांची चौकशी कुणी केली असती? जिथे बाहेरचं चित्रीकरण व्हायचं त्या इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावातलं मालिकेचं संग्रहालय स्वयंसेवकच चालवतात. मालिकेतल्या जोन्स खाटकाची व्हॅनसुद्धा गावात जपलीय.

आणि मालिकेत गॉडफ्री या पात्राचं काम करणारे अर्नोल्ड रिडली! १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ते स्वतः जबर जखमी झाले होते. ‘ब्रँडेड’ भागात भित्रा म्हणून सगळे गॉडफ्रीला वाळीत टाकतात, आणि मग त्याच्या खोलीतल्या फोटोत छातीवरचं शौर्यपदक दिसतं. रिडलींचं आयुष्य ठाऊक असताना हा भाग जरूर पाहा.