ट्रस्ट आहे म्हणून मालमत्ता कर माफ होत नाही

माझी आत्या मुंबईच्या उपनगरातल्या एका लहानशा वाचनालयाची खजिनदार आहे. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली, जागा स्वतःची. गेल्या आठवड्यात तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मग या वेळचं बिल भरायचं नाही ना रे?’ असले मेसेज मी एरवी न वाचताच पुसतो. पण खजिनदार बाई बिल बाजूला ठेवायला निघाली म्हटल्यावर वाचावा लागला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नफा न कमावणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला मालमत्ता कर शून्य, पण लहान संस्था अर्जच न करता पूर्ण बिल भरत बसतात. १२ए किंवा ८०जी ही आयकराची नोंदणी असेल तर प्रश्नच नाही. हॉल भाड्याने देत असाल तर पावती देणगीची फाडा. अर्ज दिला की बिल भरणं थांबवा, भरलंत तर हक्क जातो. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. गृहनिर्माण सोसायट्याही नफा कमवत नाहीत, त्यांनीही अर्ज करावा. जुना भरलेला कर व्याजासकट परत मिळतो. शेवटी अर्थातच, ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’ कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, याचा एका अक्षरानेही उल्लेख नाही.

ते कलम सांगतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम १४३. सगळं भांडण तिथेच मिटतं. जी इमारत, जमीन किंवा तिचा भाग केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात आहे, त्याला ‘सर्वसाधारण करा’तून सूट. म्हणजे बघायचा तो जागेचा वापर. ट्रस्टचं प्रमाणपत्र हा त्यातला एक कागद, त्याहून जास्त काही नाही.

आता १२ए आणि ८०जी. या आयकराच्या नोंदण्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या: पहिलीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट, दुसरीमुळे देणगीदाराला वजावट. आयकर हा केंद्राचा विषय, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या पहिल्या यादीतली ८२ वी नोंद. जमीन आणि इमारतींवरचा कर राज्याचा, दुसऱ्या यादीतली ४९ वी. राज्याने कायदा करून तो महापालिकेला दिला. तेव्हा ८०जीचा कागद दाखवून मालमत्ता कर माफ करा म्हणणं म्हणजे रेल्वेचा पास दाखवून बेस्टच्या बसमध्ये बसणं. अर्जासोबत तो कागद जोडा, संस्थेची ओळख म्हणून चालेल.

आणि माफी संपूर्ण बिलाची नसते. आत्याला म्हटलं, बिल उलगड आणि वाच. सर्वसाधारण कर ही एक ओळ. त्याखाली जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशा ओळी आहेत. कलम १४३ ची सूट पहिल्या ओळीपुरती. ‘शून्य बिल’ हा शब्द बहुधा ५०० चौरस फुटांच्या घरांच्या सवलतीतून इथे घुसला असावा. तिथेही २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर गेला होता आणि पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासूनची आहे. शिवाय ती राहत्या घरांना आहे, वाचनालयाला नाही.

ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो हा: भाड्याची पावती देणगीची फाडा.

हे लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही असं मला वाटत नाही. अर्धा माहीत आहे, म्हणूनच ही युक्ती सुचली. कलम १४३ चं दुसरं पोटकलम सांगतं की जिथे व्यापार-धंदा चालतो ती जागा केवळ धर्मादाय वापरातली धरायची नाही, आणि जिच्यापासून भाडं मिळतं तीही नाही. मग ते भाडं शेवटच्या रुपयापर्यंत धर्मादाय कामाला लावलेलं असो वा नसो. ‘पण आम्ही हॉलच्या पैशातून पुस्तकंच घेतो’ हे वाक्य प्रत्येक ट्रस्टच्या बैठकीत ऐकू येतं. खरंही असतं. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. मुंज-बारशांना दिलेला हॉल आणि तळमजल्यावर झेरॉक्सवाल्याला दिलेला गाळा, दोन्ही सवलतीच्या बाहेर.

आता भाड्याला देणगी म्हटलं तर काय होईल? मुंजीच्या यजमानाने हॉल वापरला, पैसे दिले, हातात ८०जीची पावती पडली. तो ती आयकरात दाखवून वजावट घेणार. ज्या पैशाच्या बदल्यात सेवा मिळाली ती देणगी नव्हेच, म्हणजे त्याची वजावट खोटी आणि ट्रस्टची पावतीही खोटी. पूर्वी हे पावतीपुस्तकात दडून राहायचं. २०२१-२२ पासून ट्रस्टला देणगीदारांची यादी पॅन क्रमांकासकट दरवर्षी आयकर खात्याला द्यावी लागते. लग्नसराईच्या महिन्यांत ठरावीक रकमेच्या देणग्या, त्याही संस्थेशी एरवी संबंध नसलेल्यांच्या. हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. महापालिकेचे चार पैसे वाचवायला जाऊन ८०जीची नोंदणीच धोक्यात. आणि सही कुणाची? अध्यक्ष फक्त सत्काराला येतात. सही खजिनदाराची, म्हणजे आत्याची. मेसेज लिहिणारा तेव्हा दुसऱ्या ग्रुपवर असेल.

बिल थांबवायचा सल्ला त्याच्याच पंक्तीतला. मुदत टळली की थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड, म्हणजे वर्षाला २४. साठ हजार थकले तर वर्षभरात १४,४०० रुपये वर. पुढे जप्तीची नोटीस. ‘भरलंत तर हक्क जातो’ तर धडधडीत उलटं आहे. कर आकारणीविरुद्ध लघुवाद न्यायालयात अपील करायचं तर कलम २१७ प्रमाणे वादातली रक्कम आधी महापालिकेकडे जमा करावी लागते, नाहीतर अपील ऐकतच नाहीत. भांडायचं असेल त्याने तर आधी भरावं. ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरा, पण भरा.

सुप्रीम कोर्टाचा निकाल म्हणजे कोणता, ते मेसेजवाला सांगत नाही. मला माहीत असलेला १९९२ चा, दिल्ली महापालिका विरुद्ध चिल्ड्रन बुक ट्रस्ट. त्याचा रोख नेमका उलटा आहे: संस्था नोंदलेली आहे, शिक्षण देते, एवढ्यावर सवलत मिळत नाही, तिचं काम खरोखर धर्मादाय आहे का ते तपासावं लागतं. शिवाय तो दिल्लीच्या कायद्यावरचा आहे.

सोसायट्यांबद्दल काय बोलायचं? आपल्याच छताची गळती आपल्याच वर्गणीतून थांबवणं हा परोपकार असेल तर मी रोजच पुण्य कमावतोय. जुना कर व्याजासकट परत, हे कुठल्या तरतुदीखाली? तेही त्यालाच विचारा.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. सूट ज्यांना खरंच मिळू शकते अशा कितीतरी लहान संस्था अर्जच करत नाहीत आणि वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरतात. एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. पण उपयोगाची गोष्ट तिथेही सुटली: कलम १४३ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे इमारतीचा एक भाग सवलतीस पात्र असेल तर करापुरती तो स्वतंत्र मालमत्ता धरतात. हॉल आणि गाळा गेले म्हणून वरच्या मजल्यावरची अभ्यासिका जात नाही.

म्हणून आत्याला सांगितलं की अर्ज संपूर्ण इमारतीचा करू नकोस, भागाचा कर. वॉर्ड ऑफिसात करनिर्धारण व संकलन खात्याकडे. सोबत बिलाची प्रत, ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र, लेखापरीक्षित हिशेब आणि मजल्यावार नकाशा, ज्यात कुठल्या खोलीत काय चालतं आणि तिचं क्षेत्रफळ किती ते लिहिलेलं. हॉलचं भाडं हिशेबात भाडं म्हणूनच दिसू दे. गाळ्याचा करारही काढून ठेव. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने दिली असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि आमच्या वाचनालयाचा तो करार कुणीच धडपणे वाचलेला नाही. निरीक्षक पाहणीला येईल तेव्हा अभ्यासिकेत मुंजीच्या खुर्च्या रचलेल्या नकोत. पोचपावती शिक्क्यासकट घे. आणि या सहामाहीचं बिल मुदतीत भर.