खुलासा : मुंगळा म्हणजे मुंगीचा नर नव्हे

‘मुंगी मादी, मुंगळा तिचा नर, व्याकरणातलं लिंग पाहा, प्राण्याचं लिंग कळेल’ असा मजकूर शाळांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मुंगळा ही मोठ्या मुंग्यांची वेगळी जात. साखरेच्या डब्याभोवती फिरणारा बिनपंखी मुंगळा कामकरी असतो, आणि कामकरी म्हणजे मादीच. मुंगळ्यांच्या नरांना पंख असतात. ते फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात आणि मीलनानंतर लवकरच मरतात. कापून पाहिलं तरी कामकऱ्यात नराचे अवयव सापडणार नाहीत.

मग ‘तो मुंगळा’ का? मराठीत आकारान्त पुल्लिंगी रूप बरेचदा मोठेपणा दाखवतं, ईकारान्त लहानपणा : सुरा-सुरी, लोटा-लोटी. सुरीला कुठलं आलंय शरीर! व्याकरणातलं लिंग ठरतं ते तो-ती-ते आणि विशेषणाच्या रूपावरून : काळा मुंगळा, काळी मुंगी, काळं पाखरू. ‘तो डास चावला’ म्हणतो, पण रक्त पिते मादीच. ‘ती पाल’ नरही असते.

मुलं हेच परीक्षेत लिहितील, म्हणून तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.